सुभेदाराचा डावा पाय

८ ऑक्टोबर १९४४, रविवार

नागू जिवंत आहे!

आधी हे लिहून टाकते, बाकीचं मागून. शाईचा डाग पडला. पडू दे.

ज्येष्ठात लष्कराचा कागद आला तेव्हापासून या घरात कुणी मोठ्यानं बोललेलं नाही. शिपाई नागोजी बेपत्ता. बस्स, एवढंच. कुठून बेपत्ता, कधीपासून, त्याचा पत्ता नाही. शाळेत मुली 'बाई, तुमचा भाऊ सापडला का' विचारायच्या, जसं काही तो पेन्सिलीचा तुकडा!

आणि आज दुपारी त्याच्याच पलटणीतला जोतिबा दारात उभा. निपाणीचा. गुडघा कायमचा आखडलाय म्हणून घरी पाठवलंय त्याला. काठी टेकत आला. आईनं बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. एकदम म्हणाली, "माजा नागू कसा हाय?"

"बरा हाय, बायाक्का," तो म्हणाला.

मग एकेक करत सांगितलं. गणपतीत हा तिकडे आसामात इस्पितळात पडला होता, तेव्हा नागू त्याला भेटून गेला. पलटणींची सरमिसळ झालीय, कागदांचा घोळ आहे, पत्र टाकू देत नाहीत. आईनं त्याला पोटभर जेवू घातलं. मी वाढताना दोनदा आमटी सांडली.

आणि जाताना त्यानं पिशवीतून एक डबा काढून माझ्या पुढ्यात ठेवला. बिस्किटांचा पत्र्याचा, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं. "नागूनं दिलाय. म्हनला, आक्काला दे. ह्यो कोन हाय त्ये ती शोधून काढंल."

आत ओलं शेवाळ. शेवाळात एक जनावर. माझ्याकडे बघतंय!

९ ऑक्टोबर

शाळेतून आल्या आल्या डबा घेऊन बसले. शहापुरात आम्ही विणकर माणसं, मोजायला सूत हाताशीच असतं. सूत धरून मोजलं. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत माझी एक वीत, दोन बोटं कमी. अंग काळपट तपकिरी. कुशींवर दोन्हीकडून गाठींची रांग, आईनं घाईत सूत जोडलं की पडतात तशा. त्या गाठी, पाठीचा कणा आणि शेपटीची कड मात्र नारिंगी झाक मारणारी.

पाल म्हणावं तर खवले नाहीत. नखं नाहीत. पालीला पुढच्या पायाला पाच बोटं, हिला चार. (पाल घरातच होती, भिंतीवर. खुर्चीवर चढून मोजली. आईनं कपाळाला हात लावला.) बेडूक म्हणावं तर शेपूट आहे. मासा म्हणावं तर पाय आहेत. आता काय करायचं याचं?

पुढचा डावा पाय उजव्याहून लहान. बोटं चारही आहेत, पण बारकी आणि फिकी. जन्मतःच तसा असेल.

शेजारच्या जयाबाईंनी लांबूनच निकाल दिला. "घोरपडीचं पोर हाय गं! चावलं तर पानी मागू देत न्हाय." ज्याला शेवाळातून बाहेर यायला पाव घटका लागते तो चावणार कधी आणि कुणाला?

जोतिबा म्हणाला होता, इस्पितळात याला सगळे सुभेदार म्हणत. खाऊन पडून राहतो म्हणून!

११ ऑक्टोबर

खाल्लं! गांडूळ. आधी अर्धा तास विचार केला, मग एकदम मान पुढे, आणि निम्मं आत. उरलेलं निम्मं हातानं, म्हणजे पायानं, तोंडात ढकलत होता. आई बघत होती. "नागूबी असाच शेवाया खायाचा," म्हणाली आणि चक्क हसली. जूनपासून पहिल्यांदा.

पाण्यानं भरलेल्या भांड्यात ठेवून बघितलं. नको त्याला. काठावर चढून बसला आणि गळा भराभर हलवायला लागला. म्हणून सूत रंगवायचं एक जुनं मातीचं कुंडं घेतलं, तळाला माती, शेवाळ, कडेला थोडं पाणी. आता खूश.

१४ ऑक्टोबर, शनिवार

जोतिबा बाजाराला आला होता. जेवायलाच ये म्हणून आईनं बजावून ठेवलंय. मी त्याला लहान पायाचं विचारलं.

"तुटलता की," तो म्हणाला. "डब्याचं झाकान लावताना सापडला. मनगटापासनं गेला."

"कधी?"

"नागूनं पकडला त्याच दिशी."

"म्हणजे तुला भेटायला आला तेव्हा? गणपतीत?"

"व्हय. गणपतीतच." भाकरीचा तुकडा मोडत होता. "मग परत आला."

"काय परत आला?"

"पाय."

मी एवढी हसले की ठसका लागला. पाय परत आला! शेजारणीचा रुसवा आहे का तो, परत यायला? थापाड्या. तोही हसला, मग जेवत राहिला. भात वाढायला गेले तर ताटावर हात आडवा.

१६ ऑक्टोबर

अनर्थ!

दिवाळीची झाडलोट. मी शाळेच्या कामाला गेले होते. आईनं कुंडं बघितलं, त्यातला सुभेदार बघितला, अंगावरचा नारिंगी रंग बघितला, आणि तिला वाटलं की कुंड्याला लागलेला जुना रंगच याच्या अंगावर चढला. मग विणकराची बाई काय करणार? रिठे भिजत घातले! रेशीम धुतात तसं त्याला रिठ्याच्या पाण्यात धुतलं!

मी आले तर ती बोटानं हलकेच चोळतेय. "रंग उतरंना गं! पक्का बसलाय बग." पाण्यावर फेस. सुभेदाराच्या गाठींतून दुधासारखं काहीतरी आलेलं, आणि तो उताणा. पोट पिवळं दिसत होतं.

ओरडले मी. नको तसं बोलले. आडाचं पाणी काढून सात वेळा धुतलं. हलत नाही. आई भिंतीला टेकून बसली, हात ओलेच. "माज्या हातनं नागूची वस्त गेली," एवढंच म्हणत राहिली. तिला वाटतं हे जनावर गेलं तर त्याच्यावर काहीतरी येईल. मी शिकलेली बाई, मला असलं काही वाटत नाही. तरी दहा वेळा उठून बघितलं.

१७ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. गळा हलतोय. थोडा.

१८ ऑक्टोबर

अंगावरचं कातडं सुटायला लागलंय. ओठापासून. संपलं आता, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. आणि मग बघते तर काय! गडी शेवाळाला अंग घासत एकेक पाय बाहेर काढतोय, मुलीनं पोलक्याची बाही काढावी तसा. पूर्ण कातडं निघालं, पातळ, बोटांच्या पिशव्यांसकट. खालून नवा कोरा, चकचकीत सुभेदार. नारिंगी रंग पहिल्याहून गडद!

आणि मग त्यानं ते कातडं खाऊन टाकलं. सगळं! आईला म्हटलं, बघ, तुझा रंग पक्काच निघाला. तिनं देवापुढे साखर ठेवली.

२१ ऑक्टोबर

एक संपलं की एक. कुंडं उन्हाला नको म्हणून परसात सावलीला ठेवलं, तर जयाबाईंच्या कोंबडीनं शेपटीचं टोक तोडून नेलं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं. रक्त फार नाही. हळद लावायला निघालेल्या आईला दोन्ही हात पसरून अडवलं. रिठ्यानंतर हळद नको बाई!

जयाबाई म्हणतात, "आता कोंबडी मरनार माजी." कोंबडी ठणठणीत आहे.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

लष्कराच्या कचेरीत जाऊन आले. तिथले कारकून मारुतीराव भले गृहस्थ, खुर्ची दिली. मी सांगितलं, भाऊ गणपतीपर्यंत जिवंत होता, बेपत्ताच्या यादीतून काढा. ते म्हणाले, "बाई, मी लिहीन. पण कुणी पाहिलं, कुठं, कधी, ते पाहिजे. त्या जोतिबाला घेऊन या, जबानी लिहू. आणखी काही पुरावा असला तर उत्तम."

परत येताना डोक्यात एकच. पुरावा तर माझ्या कुंड्यात बसलाय! हे जनावर कुठलं आहे ते कळलं की नागू कुठे होता ते कळेल. कधी पकडलं ते तर जोतिबानं सांगितलंच आहे. कुठे आणि कधी. दोन्ही.

'आक्का शोधून काढंल.' म्हणूनच पाठवलं असेल का त्यानं? पत्रात लिहू देत नाहीत म्हणून? लबाड!

२९ ऑक्टोबर, रविवार

खासबागेत दत्तोपंतांकडे गेले. पुण्याच्या एका कॉलेजात त्यांनी चोवीस वर्षं प्रयोगशाळेतल्या बाटल्या सांभाळल्या. साप, मासे, बेडूक, सगळे स्पिरिटात. आता पेन्शनीत. घरात बाटली एकही नाही, पण सरपटणाऱ्या प्राण्यांवरचं आणि बेडकांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे, आणि भिंग.

डब्याचं झाकण उघडलं आणि म्हातारा उभाच राहिला. "कुठं मिळाला? अहो, कुठं मिळाला हा?"

मग आमचं दीड तास चाललं. ते पुस्तकातून वाचायचे, मी बघून सांगायची. डोक्याच्या दोन्ही कडांना हाडाचा उंचवटा? आहे. मध्ये कणा? आहे. कुशींवर गाठींची रांग? मोजल्या. एका बाजूला पंधरा. पुढे चार बोटं, मागे पाच? होय. शेपूट चपटी? होय, आणि टोक कोंबडीनं नेलंय, ते पुस्तकात नसेल.

"न्यूट!" ते म्हणाले. "इंग्लंडात असतात. हिंदुस्थानात याची एकच जात, आणि ती या मुलखात नाहीच. टायलोटोट्रायटन." मी तीनदा म्हणवून घेतलं आणि तरी लिहून घ्यावं लागलं. बेडकाच्या कुळातला. पावसात पाण्यात उतरतो, अंडी घालतो, बाकीचे महिने ओंडक्याखाली, दगडाखाली ओलीत पडून असतो. म्हणून त्याला भांडंभर पाणी नको होतं! राहतो कुठे? सिक्कीम, आणि पूर्वेला ब्रह्मदेशाच्या अंगाच्या डोंगरात. उंचावर. खालच्या सपाटीला नाही.

म्हणजे नागू डोंगरात आहे! थंडीत. त्याला थंडी सोसत नाही, कान दुखतात. पण कुठे ते कळलं!

निघताना दत्तोपंत डबा सोडेनात. "मला द्या. स्पिरिटात ठेवतो, पन्नास वर्षं टिकेल."

"आत्ता जिवंत टिकलाय ना," मी म्हटलं.

"जिवंत काय, चार दिवस. बाटलीत कायमचा."

नाही दिला. फाटकापर्यंत मागे आले. म्हणाले, बहुतेक मादी आहे. सुभेदारीण! आता नाव बदलायचं नाही. हुद्दा हुद्दाच.

५ नोव्हेंबर, रविवार

शेपटीच्या तुटक्या टोकाला काहीतरी आलंय. मोहरीच्या दाण्याएवढं, काळपट, गुळगुळीत. गळू आहे का?

१२ नोव्हेंबर, रविवार

गळू नाही. मोठं होतंय आणि टोकदार होतंय.

आजपासून दर रविवारी तांबडं रेशमी सूत लावून मोजायचं. जिथवर टोक आलं तिथे गाठ. आई ताण्याची, म्हणजे मागावरच्या उभ्या सुतांची, लांबी अशीच राखते, सुतालाच गाठ मारून, कागदावर आकडा लिहीत नाही. सूत खोटं बोलत नाही म्हणते.

वहीत दोन्ही पुढच्या पायांभोवती पेन्सिल फिरवून चित्रही काढलं. गुदगुल्या होतात की काय, बोटं आखडतो.

१८ नोव्हेंबर, शनिवार

जोतिबाला म्हटलं, चल आत्ताच कचेरीत, मारुतीराव वाट बघतायत. गुडघा ठणकतोय म्हणाला. गेल्या शनिवारी मोटार चुकेल म्हणाला होता. त्याच्या आधीच्या शनिवारी सही करता येत नाही म्हणाला. अंगठा दे की मग!

"पुढच्या बाजारी, आक्का. नक्की."

आईनं मला आत बोलावलं. "त्याच्या मागं लागू नगंस. दुखनाईत मानूस हाय." दुखणाईत आहे, कबूल. पण भावाच्या जिवापेक्षा गुडघा मोठा? रागच आला मला.

३ डिसेंबर, रविवार

शेपूटच आहे! चक्क नवी शेपूट! नारिंगी कडसुद्धा उमटायला लागलीय, फिकी. म्हणजे तुटलेलं परत येतं! जोतिबा थाप मारत नव्हता! पाय खरोखरच तुटला होता आणि खरोखरच परत आला. मी त्याला हसले, माफी मागायला पाहिजे.

केवढं नवल आहे हे. माणसाला असतं तर? जोतिबाचा गुडघा. भरमा लोहाराची तुटलेली दोन बोटं. वर्गात मुलींना सांगितलं तर एक म्हणाली, "बाई, मग दात?" दात तर तुझेही परत येतात गं!

१० डिसेंबर, रविवार

गाठ मारली. मागच्या गाठीपासून जेमतेम ज्वारीच्या अर्ध्या दाण्याइतकं अंतर. फार सावकाश चाललंय काम. सुभेदारच शेवटी.

१७ डिसेंबर, रविवार

आजची गाठ मागच्या गाठीला जवळजवळ चिकटूनच बसली. थंडी पडली तसा मंदावलाय.

२४ डिसेंबर, रविवार

एक गोष्ट सुचली आणि ती डोक्यातून जात नाही.

शेपटीचं टोक तुटून नऊ आठवडे झाले. आलंय किती? मुगाच्या दाण्याएवढं. आत हाड नाही अजून, बोट लावलं की मऊ लागतं. हे नऊ आठवड्यांत.

सुभेदार माझ्याकडे आला ८ ऑक्टोबरला. गणपती झाले ऑगस्टच्या शेवटी. मध्ये सहा-सात आठवडे. तेवढ्यात मनगटापासून अख्खा पंजा? चार बोटं, सांध्यांसकट? ती बोटं टेकून तो पहिल्याच दिवशी डब्याच्या कडेवर चढत होता.

वहीतलं चित्र काढून त्यावर पाय ठेवला. सहा आठवड्यांत त्या लहान पायात केसाइतका फरक पडला असेल. जे असं वाढतं ते सहा आठवड्यांत शून्यापासून एवढं होईल?

थंडी नसताना भराभर वाढत असेल. खाणं चांगलं मिळत असेल. इस्पितळातलं काही औषध असेल.

असेल.

३१ डिसेंबर, रविवार

दत्तोपंतांना काही न सांगता नुसता पाय दाखवला. "हा तुटून परत आलाय. किती दिवस लागले असतील?"

भिंगातून खूप वेळ बघितलं त्यांनी. म्हणाले, पुण्यात विलायतेहून आणलेल्या अशाच दोन जनावरांवर एका प्रोफेसरांनी हा खेळ केला होता. दिवस मोजायला यांनाच बसवलं होतं. "मोठ्या जनावराचा एवढा पंजा यायचा तर निदान सहा महिने. या दिवसापर्यंत आठ-नऊ महिने झाले असतील बघा. का हो?"

"सहज," मी म्हटलं.

नऊ महिने मागे म्हणजे चैत्र. नागूचं शेवटचं पत्र फाल्गुनातलं. आणि 'नागूनं पकडला त्याच दिशी' तुटला पाय.

म्हणजे चैत्रात नागू होता. मग गणपतीत? पायाची गोष्ट खरी निघाली म्हणून महिन्याची खोटी ठरली. एक खरं मान्य केलं की दुसरं उभं राहत नाही. आणि हे शोधून काढलं कुणी? मी. मला कुणी सांगितलं होतं मोजायला!

१३ जानेवारी १९४५, शनिवार

जोतिबा आला होता. आईनं उद्याचा तिळगूळ आजच त्याच्या हातावर ठेवला. मी त्याच्याकडे बघत बसले. आईशी बोलताना तो तिच्या पायांकडे बघतो, हे आज दिसलं. सहीचं मी काढलं नाही. त्यालाच नवल वाटलं असावं. दोनदा माझ्याकडे बघितलं.

सुभेदारानं आज दोन गांडुळं खाल्ली.

११ फेब्रुवारी, रविवार

निपाणीला जाऊन आले. आईला सांगितलं, शाळेतल्या बाईंकडे बारसं आहे.

मोटार कोळशाच्या गॅसवरची, संकेश्वरला तासभर रुसून बसली. चढाला उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. जोतिबाच्या दारात पोचेपर्यंत दुपार. तो अंगणात तंबाखूची पानं निवडत होता. मला बघून उठला नाही. काठी लांब पडली होती.

वही उघडून पायाचं चित्र दाखवलं, तांबडं सूत त्याच्या मांडीवर ठेवलं. गाठी मोजून दाखवल्या, एकेक गाठ म्हणजे एकेक आठवडा. पहिल्या चार-पाच गाठींतच त्याला कळलं.

"पाडव्याचा दिस हुता," तो म्हणाला.

खंदक खणत होते. कुजक्या ओंडक्याखाली हे सापडलं. नागूनं उचलून डब्यात घातलं, झाकण लावताना पाय तुटला म्हणून दिवसभर हळहळत होता. डोंगरात गुढी कुठली उभारायची म्हणून बंदुकीला फडकं बांधलं होतं कुणीतरी. संध्याकाळी सगळे हे काय जनावर म्हणून वाद घालत होते, आणि नागू म्हणाला, आक्काला दाखवीन, ती शोधून काढंल.

"तेवढं खरं हाय आक्का. त्यो त्येच्याच तोंडचा शबुद हाय."

दिवस मावळता मावळता हल्ला झाला. पोटात लागलं त्याच्या. तांबडं फुटायच्या आधी गेला, जोतिबाच्या मांडीवर. मग मागे हटायचा हुकूम झाला. पानं पांघरून ठेवून आले. अंग आणता आलं नाही म्हणून कागदावर बेपत्ता. चार दिवसांनी गुडघ्यात लागलं तेव्हा डबा जोतिबाच्या पिशवीत होता. पाच महिने इस्पितळात खाटेखाली ठेवला त्यानं. त्याच्यासाठी ओली माती मागायचा म्हणून सगळे त्याला खुळा म्हणायचे.

"सांगायलाच आलतो आक्का. आईची शपथ. बायाक्कानं इचारलं आनि तोंडातनं 'बरा हाय' गेलं. मग माघारी घेता यीना. दर बाजाराला ठरवून यायचो, आज सांगायचं. ती ताट वाढायची."

मला वाटलं होतं मी ओरडेन त्याच्यावर. तो रडत होता, तंबाखूच्या हातांनी डोळे पुसत होता, आणि डोळे आणखी झोंबत होते. शेवटी मीच आडावरून पाणी काढून आणलं.

नागू तेवीस वर्षांचा होता. मी त्याला पाढे शिकवले. सतरापाशी अडायचा.

१२ फेब्रुवारी

आईला सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी

आजही नाही. रहाटावर सुताच्या कांड्या भरताना ती गुणगुणत होती. कसं सांगू?

१८ फेब्रुवारी, रविवार

मारुतीरावांचा निरोप आला, जबानीचं काय झालं? उत्तर दिलं नाही.

सवयीनं शेपूट मोजायला सूत घेतलं आणि परत ठेवलं. सुभेदार कशाशीच काही देणंघेणं नसल्यासारखा बसून होता. मला त्याचा राग यायला हवा, पण येत नाही. नागूनं हातात धरलेली शेवटची जिवंत वस्तू ही. त्याच्या बोटांचा धक्का त्या पायाला लागलाय, आणि तो पाय भरून आला. जो परत यायला हवा होता तो नाही आला.

शनिवारी जोतिबा आला नाही. आई दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज सांगितलं. आईचा रहाट थांबला नाही. म्हणाली, "मला ठावं हाय. पयल्या दिशीच. चांगली बातमी आननारा मानूस धा पावलांवरनं हाक मारतो गं. ह्यो समोरच्या कट्ट्यावर घटकाभर तोंड झाकून बसलता. मी खिडकीतनं बघत हुते."

"मग 'कसा हाय' म्हणून विचारलंस का?"

"त्येच्या तोंडातनं ते निगंना. किती तरास हुईत हुता पोराला, म्हनून तसं इचारलं." मग कांडी काढून बाजूला ठेवली. "आनि तू त्या जनावरापायी हसाया लागलीस. तुजं मोडवंना."

मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"तिथी तेवढी मला ठावं न्हाय. ती सापडली काय तुला?"

मी सांगितली.